घरच्या पवनचक्कीचा जनरेटर, २४.४, १६.९, १७.० व्होल्ट: तिसऱ्या फेजचं काय झालं? स्टेटर फोडू का?

डबलबेल (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी. आधी ओळख देतो, म्हणजे माझ्या अज्ञानाचा अंदाज येईल. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. विजेतलं शिक्षण म्हणाल तर घरचा फ्यूज बांधणं. निवृत्त झालो आणि सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) घरात येऊन राहिलो.

घर सड्याच्या अगदी टोकाला. दोरीवरचे कपडे चिमट्यासकट उडून जातात, एवढा वारा. छपरावर १५० वॅटची दोन सोलर पॅनल आहेत आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४ व्होल्ट केलेत. उन्हाळ्यात राजेशाही. पण जून लागला की ढग सड्यावर येऊन बसतात आणि पॅनल नुसती धुतली जातात. नेमकं तेव्हाच कुठेतरी तारेवर झाड पडतं आणि दोन-दोन दिवस लाईट नसते. वारा मात्र त्याच महिन्यांत पिसाळलेला असतो. म्हटलं, हा फुकट धिंगाणा घालतोय तर त्याला कामाला लावू. देवगडच्या पवनचक्क्या नोकरीभर बघितल्या, त्याचाही परिणाम असेल.

भाच्याने माहिती काढून दिली. स्कॉटलंडमध्ये स्कोरेग म्हणून एक वस्ती आहे, तिथे गाडीरस्ता पोचत नाही. तिथले ह्यू पिगट यांनी घरी बनवता येईल असा चपट्या थाळ्यांच्या जनरेटरचा नमुना तयार करून दिलाय, जगभर लोक तोच करतात. मीही तोच केला. माझं सामान असं:

३०० मिमी व्यासाच्या आणि ८ मिमी जाडीच्या दोन लोखंडी थाळ्या. प्रत्येक थाळीवर १२ निओडिमियम चुंबक, ४६ बाय ३० बाय १० मिमीचे, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे आलटून पालटून. दोन थाळ्यांच्या मध्ये न फिरणारा स्टेटर: ९ कॉइल, प्रत्येकी ६५ वेढे, १७ गेजची तार, सगळं रेझिनमध्ये ओतून १३ मिमी जाडीची चकती केलेली. चुंबक आणि चकती यांच्यात दोन्ही बाजूंना २-२ मिमी फट. हब भंगारातून आणलेला, मारुती ८०० च्या मागच्या चाकाचा. तीन-तीन कॉइल सिरीजमध्ये (एकापुढे एक) घेऊन तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वाटा, ते आतल्या आत स्टारमध्ये (तिन्हींचं एकेक टोक एकत्र) जोडले आणि बाहेर फक्त तीन वायरी काढल्या. (हीच चूक केली असं आता वाटतंय.) पाती २.४ मीटर व्यासाची होणार आहेत. सुतार म्हणतो आंबे उतरल्यावर बघू.

पाती नाहीत म्हणून जनरेटर आधी मोटरवर फिरवून बघितला. अर्ध्या एचपीची १४४० ची मोटर, तिला अडीच इंची पुली, आणि जनरेटरला गिरणीची जुनी १६ इंची पुली. म्हणजे साधारण २२० आरपीएम (मिनिटाला फेरे). नोकरीभर वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) भरलंय, त्यामुळे वहीत नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही. वहीतून जसंच्या तसं उतरवतो:

काहीही न जोडता, मीटर एसीवर. पहिली-दुसरी वायर २४.४ व्होल्ट. पहिली-तिसरी १६.९. दुसरी-तिसरी १७.०.

ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणारी डबी) बॅटरीला जोडल्यावर: चार्जिंग फक्त १.८ अँपिअर. जनरेटर घरघरतो, टेबल थरथरतं. दहा मिनिटांनी हात लावला तर पहिली आणि दुसरी वायर कोमट, तिसरी थंडगार.

मोटरचा पट्टा काढून, बॅटरी सोडवून हाताने फिरवला तर हलका फिरतो. अडकत नाही, घासत नाही, सोडला की बराच वेळ फिरत राहतो.

इथल्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, एक कॉइल जळली, स्टेटर फोडा. दुसऱ्या एकाचं म्हणणं, चुंबक बोगस. चकतीत अडीच किलो तांबं आहे आणि माझा एक महिना आहे. घरून शेरा आलाच: "ह्या भिंगरीन काय उजेड पडूचो नाय." तो खरा होऊ नये एवढीच इच्छा. फोडू की नको?

ऊनकर (पुणे)

काका, तुमच्या उत्साहाला सलाम, पण स्पष्ट बोलतो. चुंबक, तांबं, थाळ्या, रेझिन, खांब, पाती, वर तुमचा वेळ. तेवढ्या पैशांत अजून चार पॅनल आली असती. ढगाळ दिवशी दहा-वीस टक्के दिलं तरी सहा पॅनलचं मिळून दोन दिवे आणि मोबाईल आरामात चालतात. शिवाय वर काही फिरत नाही, तुटत नाही, कुणाच्या डोक्यात पडत नाही. लहान पवनचक्कीचा हिशेब वाऱ्याच्या घनावर चालतो: वारा निम्मा झाला की वीज एक-अष्टमांश. ऑक्टोबर ते जानेवारी सकाळी ती शोभेलाच राहील.

डबलबेल (देवगड तालुका)

हिशेब मान्य. पैशात तुम्ही जिंकलात. पण ऑक्टोबरात मला तिची गरजच नाही, तेव्हा ऊन आहे. मला जून, जुलै, ऑगस्ट पाहिजे. आणि खरं सांगू का, निवृत्त माणसाला चार पॅनल बसवायला एक दिवस लागतो. उरलेल्या दिवसांचं काय करू?

प्रश्न तसाच आहे. फोडू का?

तांब्याची तार (इचलकरंजी)

काका, फोडू नका! हातोडा खाली ठेवा आणि आधी हे वाचा.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान हाय. आमच्याकडं यंत्रमागाच्या मोटरी रोज उघडतात, २२ वर्षं तांबं गुंडाळतोय. तुमच्यासारखं तीनही आकडे लिहून आणणारं गिऱ्हाईक मला वर्षातनं एखादं मिळतं. बाकीचे "चालंना, बघा" म्हणतात आन् मोटर पायरीवर ठेवून जातात. तुमच्या वहीतच उत्तर हाय, चकती उघडायची गरजच नाही.

बघा. स्टारमध्ये दोन वायरींमधला व्होल्टेज म्हणजे एका फेजच्या १.७३२ पट. २४.४ ला १.७३२ ने भागा, १४.१ आले. म्हणजे पहिला आणि दुसरा फेज १४.१ व्होल्टचे, ठणठणीत. एका फेजमध्ये तीन कॉइल, म्हणजे एका कॉइलला ४.७. हा आकडा ध्यानात ठेवा.

आता तिसरा फेज किती व्होल्टचा असला तर १६.९ दिसंल? फेज एकमेकांपासून १२० अंशावर असतात, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. दोन्हींचे वर्ग घ्यायचे, दोन्हींचा गुणाकार घ्यायचा, तिन्हींची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. तिसऱ्या फेजला ४.७ धरून बघा: १९८.८ अधिक २२.१ अधिक ६६.३, झाले २८७.२. वर्गमूळ १६.९५. तुमच्या मीटरनं १६.९ आणि १७.० दाखवलं. ह्याच्यापेक्षा आणखी काय पाहिजे?

म्हणजे तिसऱ्या फेजमध्ये तीन कॉइल असून व्होल्टेज एकाच कॉइलचा येतोय. तीन असून एक कधी होतात? एक अधिक एक उणे एक. एक कॉइल उलटी बसलीय. एवढंच!

जळली असती तर? कॉइल आतून शॉर्ट झाली असती तर दोन कॉइलचे ९.४ राहिले असते आणि मीटरनं २०.५ च्या आसपास दाखवलं असतं. शिवाय शॉर्ट वेढे चुंबकासमोर फिरताना ब्रेक लावतात, हाताला जड लागतं. तुमचा हलका फिरतोय. तार तुटली असती तर तिसऱ्या वायरीवर काही धड आलंच नसतं. दोन कॉइल उलट्या असत्या तर १२.४ आलं असतं. चुंबक बोगस असते तर तिन्ही आकडे सारखेच पडले असते, चुंबक काय फेज बघून दगा देत नाहीत. स्वस्तातला मीटर २०-२२ हर्ट्झला थोडं खोटं बोलतो, पण तिन्ही वेळा सारखंच खोटं बोलतो, म्हणून प्रमाण खरं निघतं.

वायर थंड का, तेही बघा. १६.९५ चं शिखर (एसीच्या लाटेचा सगळ्यात उंच बिंदू) १.४१४ ने गुणून जेमतेम २४ व्होल्ट. तुमची बॅटरी २५ ची, वर रेक्टिफायरमधले दोन डायोड मिळून १.४ खातात. २६.४ च्या उंबरठ्यापर्यंत तिसरा फेज पोचतच नाही, मग करंट कुठला जायचा? सगळं काम पहिल्या दोघांवर. तीन फेजचा जनरेटर सिंगल फेजवर चालला की घरघर करणारच. आमच्याकडं एक फेज गेलेली मोटर अशीच गुरगुरते.

आता उलटी कॉइल कोणती ते न फोडता शोधायचं. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती, होकायंत्र लागंल. चकती चुंबकांपासून बाहेर काढा आणि लांब न्या, दुसऱ्या खोलीतच न्या. १२ व्होल्टची एक बॅटरी घ्या. तिच्या सिरीजमध्ये मोटरसायकलच्या हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब लावा, नाहीतर तुमच्या दोन फेजचा रोध सव्वा ओहमच्या आसपास असणार, नऊ-दहा अँपिअर जातील. बल्ब असला की अडीच. प्लस थंड वायरीला, मायनस बाकीच्या दोनपैकी कुठल्याही एकीला. आता सहा कॉइल विद्युतचुंबक झाल्या. होकायंत्र चकतीच्या वर आडवं धरून एकेका कॉइलच्या भोकावरनं न्या आणि सुईचं कुठलं टोक आत ओढलं जातंय ते लिहा. चांगल्या फेजच्या तिन्ही कॉइल एकच टोक ओढतील. थंड फेजच्या दोन कॉइल त्याच्या विरुद्ध टोक ओढतील, आन् तिसरी फितूर निघंल.

१२ चुंबक आणि ९ कॉइल असल्यावर एका फेजच्या कॉइल दर तिसऱ्या जागी येतात: १, ४, ७, मग २, ५, ८, मग ३, ६, ९. ओतण्याआधी फोटो काढला असंल तर जोड कुठं आहेत तेही कळंल. फितूर सापडली की फक्त तिचे दोन जोड कोरून काढा, टोकं अदलाबदल करा, डाग द्या, वर परत रेझिन भरा. अर्ध्या दिवसाचं काम.

१७ गेजच्या तारेला ४० वॅटची डागकाडी (सोल्डरिंग आयर्न) पुरणार नाही, १०० ची घ्या. आणि तारेवरचं इनॅमल ब्लेडनं नीट खरवडा, तांबं गुलाबी दिसलं पाहिजे. पुढच्या वेळी कॉइलची सगळी १८ टोकं बाहेर काढा आणि जोड बाहेर करा. दिसायला गबाळं दिसतं, पण असला वनवास वाचतो.

खारावारा (रत्नागिरी)

वरचं उत्तर चोख आहे, त्यात भर घालायची गरज नाही. पण तुम्ही समुद्रावर आहात म्हणून माझं रडगाणं ऐकून ठेवा. मी असाच जनरेटर केला, भाट्याच्या बाजूला, तोही अगदी किनाऱ्यावर. पहिला पावसाळा सुंदर गेला. दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या सुमारास खरखर सुरू झाली. खोललं तर चुंबकांवरचा निकेलचा मुलामा कोपऱ्यांत उचकटला होता आणि आतून चुंबक पुरणपोळीसारखे फुगले होते. निओडिमियम चुंबकात लोखंडच जास्त असतं. मुलाम्याला ओरखडा गेला आणि खारी हवा शिरली की तो आतून पिठासारखा होतो. माझी फट दीड मिमीच होती. फुगलेल्या चुंबकाने स्टेटर खरवडून तांबं उघडं पाडलं.

तेव्हा चुंबक नुसते चिकटवून ठेवू नका. थाळ्यांवर इपॉक्सी प्रायमर मारा, चुंबकांमधल्या जागेत रेझिन ओता, वर फायबरची पातळ मॅट अंथरून पुन्हा एक हात रेझिनचा द्या. बाहेरच्या कडेला स्टेनलेसच्या पत्र्याची पट्टी वेढली तर चुंबक निसटून उडण्याची भीतीही जाते. तुमच्या बंदरात होड्यांना फायबर मारणारे कारागीर असतील, त्यांच्याकडे रेझिन, मॅट, हार्डनर, कोबाल्ट (ही दोन रेझिन घट्ट करणारी रसायनं) सगळं सुटं मिळतं, आणि हात कसा मारायचा तेही ते दाखवतात. फक्त एक: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट टाकून नीट ढवळायचं, हार्डनर अगदी शेवटी.

दुसरं, तुम्ही लिहिलं नाहीत पण मला शंका येतेय. सोलरचा जो चार्ज कंट्रोलर आहे त्यालाच ही पवनचक्की जोडायचा बेत आहे का? असेल तर सोडून द्या. बॅटरी भरली की तो कंट्रोलर पॅनलला तोडतो आणि पॅनल निवांत बसतं. पवनचक्कीला तोडलं की तिच्यावरचा भार जातो, ती सुसाट सुटते, व्होल्टेज शंभराच्या वर जाऊन कंट्रोलर जळतो आणि पाती कुठे जातील ते विचारू नका. पवनचक्कीला बॅटरीपासून कधीच तोडायचं नसतं, जादा वीज दुसरीकडे वळवायची असते. २४ व्होल्टला २ ओहमचा दणकट रेझिस्टर आणि बॅटरी भरली की तो चालू करणारा वेगळा कंट्रोलर, असं करा. रेझिस्टर चांगलाच तापतो, लाकडी भिंतीवर लावू नका.

तिसरं, खाली तीनही वायरी एकमेकींना शॉर्ट करणारा स्विच बसवा, तोच हँडब्रेक. पण तो वारा चढायच्या आधी ओढायचा. जोरात फिरत असताना ओढला तर ती थांबेलच असं नाही, स्टेटर मात्र भाजून निघेल. वारा फार वाढला की चक्कीचं तोंड आपोआप फिरवून घेणारं घडीचं शेपूट तर हवंच. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मी आदल्या दिवशीच खांब आडवा केला होता. शेजाऱ्यांच्या छपराचे पत्रे माझ्या आवारात आले, माझी चक्की गवतात शाबूत होती. खांब तळाशी बिजागरीचाच करा.

डबलबेल (देवगड तालुका)

तार साहेब, खारावारा साहेब, दोघांनाही दंडवत. हो, सोलरच्याच कंट्रोलरला जोडणार होतो. कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे सांगितलंही नव्हतं.

होकायंत्राची अडचण आहे. मित्राच्या ट्रॉलरवर आहे पण तो ते जागचं हलवू देत नाही, म्हणतो तुझ्या चुंबकांच्या घरात गेलं तर मी नंतर कराचीला पोचेन. मोबाईलमधलं चालेल का?

तांब्याची तार (इचलकरंजी)

मोबाईलच्या नादाला लागू नका, गोंधळ घालतो. शालेय साहित्याच्या दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं मिळतं. तेही नसंल तर शिवणाची सुई दोऱ्याला मधोमध बांधा, चुंबकावर एकाच दिशेनं वीस-पंचवीस वेळा घासा, आन् लोंबकळत धरा. अडीच अँपिअरला ६५ वेढे म्हणजे सुईला पळवायला भरपूर झालं.

डबलबेल (देवगड तालुका)

आठ दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व. मध्ये आंब्याच्या पेट्या होत्या.

दुकानात होकायंत्र मिळालं. चकती काढायलाच सकाळ गेली. वरची थाळी तीन आट्यांच्या सळ्यांवर एकेक फेरा देत वर उचलावी लागते, कारण दोन थाळ्यांची एकमेकींवरची ओढ दोन-एकशे किलोंची असेल. बसवताना एकदा डाव्या हाताचं बोट थोडक्यात वाचलं होतं, त्यामुळे आता अंगावर देव आल्यासारखा हळू काम करतो.

चकती माजघरात नेली, पाटावर ठेवली. बॅटरी, बल्ब, वायरी. बल्ब मिणमिणता पेटला. होकायंत्र पहिल्या कॉइलवर नेलं तर सुई एवढी झपकन वळली की मीच दचकलो. नऊही कॉइलवर खडूने आकडे टाकले होते. वहीतून: १ दक्षिण, ४ दक्षिण, ७ दक्षिण. २, ५, ८ वर सुई गप्प, कारण तो फेज जोडलेलाच नव्हता. ३ उत्तर. ९ उत्तर. ६ दक्षिण.

सहावी! तीनदा तपासलं. मंडळी स्वयंपाकघरातून बघायला आली, तिने स्वतः होकायंत्र धरून फिरवलं आणि म्हणाली, "ही एकटीच वायली कित्या?" (वेगळी का?) तिला उणे एकचा हिशेब सांगितला. तिला तो माझ्याआधी समजला. बचत गटाचा हिशेब ठेवते ती.

मग आठवलं. सहावी कॉइल मी दोनदा केली होती. पहिली जाड झाली होती, साच्याचं झाकण बसेना, म्हणून रात्री काढली आणि नवी गुंडाळून ठेवली. तेव्हा लाईट गेली होती, बॅटरीच्या उजेडात ठेवली. पालथी ठेवली असणार. सुरुवातीचं टोक डावीकडे यायला हवं ते उजवीकडे आलं, आणि मी डावं ते सुरुवातीचं समजून जोडलं. ओतण्याआधीच्या फोटोत आता स्पष्ट दिसतं: बाकी आठ कॉइलची आतली टोकं एका बाजूला वळलेली, सहावीचं दुसऱ्या. तो फोटो मी तेव्हा वीस जणांना पाठवला होता. सगळ्यांनी अंगठे दिले.

ग्राइंडरने बाहेरच्या कडेला दोन खाचा केल्या, रेझिनचा वास अजून घरात आहे. जोड सापडले, टोकं अदलाबदल केली, १०० वॅटची डागकाडी गॅरेजवाल्याकडून आणली होती. स्लीव्ह चढवली. खाचा भरायला बंदरावरच्या फायबरवाल्याकडून पाव किलो रेझिन घेतलं. कोबाल्ट त्याने स्वतःच घालून दिलं. पैसे घेतले नाहीत, पण चक्की उभी राहिली की बघायला येतो म्हणाला.

काल संध्याकाळी तीच मोटर, त्याच पुल्या. पहिली-दुसरी २४.४. पहिली-तिसरी २४.३. दुसरी-तिसरी २४.४.

बॅटरी लावल्यावर ४.८ अँपिअर. आधी १.८ होते. घरघर गेली, आता नुसता एक बारीक गुंजारव येतो, शिवणयंत्रासारखा. दहा मिनिटांनी तिन्ही वायरी सारख्याच कोमट.

ऊनकर साहेब, तुमचा हिशेब अजूनही मान्य आहे.

आता दोन शंका. एक, हाताने सेकंदाला एक फेरा दिला तर दोन वायरींत ६.७ व्होल्ट येतात. त्यावरून चार्जिंग किती आरपीएमला सुरू होईल? आणि दोन, खांब ३० फुटी जीआय पाईपचा ठरवलाय, पण पश्चिमेला शेजाऱ्याच्या चार माडांचे शेंडे मध्ये येतात. चालेल का?

तांब्याची तार (इचलकरंजी)

नाद खुळा, काका! फोटो टाका, दुकानात लावतो.

६.७ ला १.४१४ ने गुणा, साडेनऊ. उंबरठा २६.४ चा. २६.४ भागिले ९.५, गुणिले ६०, म्हणजे साधारण १६७ आरपीएमला पहिलं मिलिअँपिअर आत जाईल. २.४ मीटरची चांगली कोरलेली पाती ताशी ११ किलोमीटरच्या वाऱ्यात तेवढी फिरतात. जुळतंय. ६५ वेढे बरोबर निवडलेत.

खारावारा (रत्नागिरी)

माड चालणार नाहीत. वारा शेंड्यांवरून येताना घुसळला जातो, चक्की दिशा शोधत नुसती मान हलवत बसेल आणि बेअरिंग खाईल. पातीचं खालचं टोक आजूबाजूच्या शेंड्यांच्या निदान तीस फूट वर हवं. तेवढा उंच पाईप परवडत नसेल तर खांब घरापासून लांब, सड्याच्या मोकळ्या कडेला न्या. मग वायर लांबेल, ती जाड घ्या. २४ व्होल्टला बारीक वायरीत सगळं कमावलेलं वाटेतच गरम होऊन जातं. अंतर मोजून कळवा, गेज सांगतो. कातळात ताणाच्या तारांसाठी भोकं पाडायची असतील तर विहिरीत सुरुंग लावणाऱ्यांचं ड्रिल असतं ते बघा.

डबलबेल (देवगड तालुका)

पावलांनी मोजलं, कडेपर्यंत ६२ पावलं. उद्या टेपने मोजतो. सुतार म्हणतोय सागाऐवजी फणस चालेल का, ते वेगळं विचारतो.